निवडलेले खिळे

कोल्हारच्या सूर्यभान खर्ड्यांना जन्मात कुणी फसवलं नव्हतं, असं अजिबात नाही. श्रीरामपूरच्या ज्या छापखान्यात त्यांनी निम्मं आयुष्य शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, त्याच्या मालकानं कॉम्प्युटर आल्यावर त्यांना चहा पाजून घरी पाठवलं. भावानं नदीकाठची चांगली पट्टी स्वतःकडे ठेवली आणि मुरमाड जमीन यांच्या गळ्यात मारली. सूर्यभानमामांनी दोघांनाही माफ केलं, दोघांच्या घरचे लाडूही खाल्ले. पण धनश्रीचं नाव निघालं की अजून त्यांचा घास तोंडातच फिरतो. ती परकी असती तर गोष्ट वेगळी होती. बायकोच्या, मालनबाईंच्या, भावाची पोर ती, सुट्टी लागली की याच घरात वाढलेली.

पुण्यात डिझाइनचं शिकून ती तिथंच नोकरीला लागली होती. मागं एका दिवाळीला आली आणि करंजी मोडता मोडता म्हणाली, "मामा, आपण घरीच छापखाना टाकू. हाताने छापलेल्या पत्रिकांवर पुण्यातली माणसं जीव टाकतात. जुळवणार तुम्ही, कामं आणणार मी."

"मोबाईलवर फुकट पत्रिका येत्यात की आता," मालनबाई म्हणाल्या. "कागदाला कोन इचारतंय?"

पण मामांचं मन तोवर छापखान्यात जाऊन पोचलंही होतं. छापखाना सुटल्यापासून खताच्या दुकानात गल्ल्यावर बसून कंटाळलेला माणूस बघता बघता तरणा झाला. मधल्या खोलीतल्या गव्हाच्या कोठ्या पडवीत गेल्या, मालनबाईंचं शिलाई मशीन स्वयंपाकघरात गेलं आणि टेम्पोतून पायानं चालवायचं छपाईचं ट्रेडल मशीन आलं. ते दारातून आत जाईना, तेव्हा मामांनी स्वतःच्या हातानं घराची चौकट काढली. पुढं पाऊसपाण्याचं काय, हा विचार करायची त्यांना सवड नव्हती.

खिळे संगमनेरला भंगारवाल्या सत्तारभाईंच्या गोदामात होते. बंद पडलेल्या छापखान्यांमधली शिशाची अक्षरं पोत्यांत भरून वितळायला निघालेली. मामा पोत्याशी मांडी घालून बसले. एक खिळा उचलायचा, उजेडाकडे धरायचा, उलटं अक्षर सुलटं वाचायचं आणि डोक्यावरच्या रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवायचं. रेघेची कड झिजली असली तर ती शेजारच्या अक्षराला भिडत नाही आणि छापलेला शब्द दातांत फट पडल्यासारखा दिसतो. वेलांटीचं टोक तर नुसत्या धक्क्यानं मोडतं.

सत्तारभाई कंटाळले. "सूर्यभानशेठ, मेथी निवडताय का काय? सगळे क सारखेच की!"

"सारखे?" मामा उसळले. "तुमची पोरं सारखी हायती का? हे असलं बोलायचं न्हाई माझ्याम्होरं."

खिळे घरी आले, खणाखणांच्या लाकडी पेट्यांत लागले. मग धनश्री म्हणाली, "मामा, आता प्रत्येक अक्षरातला सगळ्यात देखणा एकच खिळा बाजूला काढून द्या."

आता बघा. एका क वर काय छापणार? नुसतं 'काका' छापायचं म्हटलं तरी दोन क लागतात. हे शाळेतल्या पोराला कळेल, मग मामांना कळलं नसेल का? कळलं होतं. पण हयातभर लोकांनी त्यांना 'किती वेळ लागेल' एवढंच विचारलं होतं. 'तुम्हाला कोणता आवडतो' हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. माणूस तिथंच विरघळला. मासला म्हणून हवा असेल, अशी त्यांनी आपली आपणच समजूत घातली.

दर रविवारी ती यायची. मामा निवडायचे, पाय मारून गुळगुळीत कागदावर ठसा काढायचे, आणि ती तो दोन बोटांनी उचलून फायलीत ठेवायची. ळ वर तर चार रविवार गेले. एकाचं पोट चांगलं तर शेपटी मेलेली, दुसऱ्याची शेपटी झकास तर रेघ बसकी. निवडलेले खिळे पेढ्याच्या खोक्यात कापसावर निजायचे.

"पहिलं काम माझ्या लग्नाच्या पत्रिकेचं," धनश्री म्हणाली. "वचन."

झालं. मामांनी पत्रिकेवर छापायचा गणपतीचा ठोकळा रॉकेलनं घासून लख्ख केला आणि बदामी कागद मापात कापून ठेवला.

शेवटच्या ज्ञ चा ठसा निघाला आणि तिचे रविवार बंद पडले. फोन केला की, "ऑफिसात फार काम आहे, मामा." मग लग्न ठरल्याचं कळलं. मामा मजकुराची वाट बघत रोज मशीनला तेल घालायचे आणि "आज धाडंल," म्हणायचे.

मजकूर आला तो मालनबाईंच्या मोबाईलवर, रंगीत पत्रिका होऊनच.

मामांनी चष्मा चढवला, दोन बोटांनी पत्रिका मोठी केली. श्री ओळखीचा होता. क तर त्यांचाच. ळ ची शेपटीसुद्धा तीच, चौथ्या रविवारी पसंत केलेली. त्यांनी फोन लावला.

"ओळखलंत ना मामा!" ती हरखून गेली. "सरप्राइज होतं. आपल्या अक्षरांचा कॉम्प्युटरचा फॉन्ट केलाय मी. एका कंपनीनं विकत घेतलासुद्धा."

"आनि छापखाना?"

"तो... मामा, त्याची आता गरज कुठंय?"

"मंग मशीन कशाला आनलं?"

"ठसे घ्यायला लागणारच होतं ना."

ती खरंच सहज बोलली, आणि तेच मामांच्या काळजाला लागलं. चोराला निदान भीती तरी असते. हिला आपण काही केलंय याचा पत्ताच नव्हता. मामांना काढलेली चौकट आठवली, गणपतीचा ठोकळा आठवला. पोरीनं आपल्याला पहिल्या दिवसापासून वापरून घेतलं आणि तोंडाला पानं पुसली, हे आता स्वच्छ दिसलं. मशीनशेजारच्या स्टुलावर बसून ते रडले. मालनबाई "मी म्हनलंच हुतं" असं काही म्हणाल्या नाहीत, यात त्यांचं मोठेपण.

संध्याकाळी मामांनी पेढ्याचं खोकं उघडलं आणि निवडलेला एकेक खिळा परत आपापल्या खणात, शेकडो भावंडांत टाकून दिला. लग्नाला मालनबाई एकट्याच गेल्या.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी धनश्री दारात उभी, हातात पेढे. काही ठसे पुसट निघाले होते आणि कंपनीला ते नव्यानं स्वच्छ हवे होते. त्यात क पण होता.

"मामा, ते खोकं कुठंय?"

"खिळे सोडले जागेवर. काम झालं की जो तो आपल्या खणात जातो. छापखान्याची रीतच हाय ती."

तिचा चेहरा पडला. तिनं क चा खण टेबलावर पालथा केला. एक उचलला, दुसरा उचलला, दोन्ही उजेडाकडे धरून पाहिले, आणि हताश होऊन विचारलं, "यातला आपला कोणता, मामा?"

मामांनी वाकून पाहिलं. तो तिच्या करंगळीशीच पडला होता, गोल पोटाचा, रेघेची कड शाबूत असलेला. त्यांना एका नजरेत दिसला.

"त्यात काय निवडायचं गं," ते म्हणाले. "सगळे सारखेच असत्यात."