ह्येंच्या फोटोवरला बल्ब

आमचे मालक गोरक्षनाथ दिवाळीच्या आधी गेले. आमचा ल्योक चेतन, सुप्याला कंपनीत हाय, त्यानं मोठा फोटो करून आनला. हार घातला आन वर लाल बल्ब लावला. रातंदिस चालू. मी म्हनलं, आरं ह्या मानसाच्या डोक्यावर बल्ब?

मानूस लई चांगला, पन घरात बटनाला हात लावायची चोरी. आमी ऊसतोडीला गेल्तो तवा आमची पाचटाची कोपी वीज तयार करायच्या कारखान्याजवळ हुती. तितं कोळसा जाळायचे, राख उडून आमच्या भाकरीवर पडायची. तवापासून डोक्यात बसलं, हितं बटन दाबलं की कुनाच्या तरी भाकरीवर राख. त्यात आमच्या नातीनं, सायलीनं सांगितलं, एका युनिटमागं किलोभर धूर धरा. झालं! मी इस्त्री केली की इचारायचे, "काढला का किलोभर?" पाव्हना जरा उठला की पंखा बंद. जावई तर पानी प्यायला बी उठना.

येकदा ह्ये घरातलं समदं बंद करून मीटरपुढं बसले. तरी त्येचा बारका दिवा मधीच मिचकायचा. मला हाक मारली,

"राहे, कुनीतरी लाईट खातंय!"

घर धुंडाळलं. टीव्हीखालचा डब्बा चालू. कुस्त्या बघून ह्येंनीच ठिवलेला. मी हसाया लागले, तर म्हन्त्यात, "टीव्ही तुज्या म्हायेरचा हाय."

आता मी पंखा मुद्दाम चालू सोडून अंगनात जाते. कुनी वरडत न्हाई. मंग माघारी येऊन मीच बंद करते.

त्या बल्बाचं चेतनला म्हनलं, बंद कर. तर म्हनला, "आई, आन्नाला अंधारात ठिवायचं का?" ह्येंला अंधारात ठिवायचं मलाबी जिवावर यायचं. पन त्या लाल उजेडात तोंड बघितलं की वाटायचं, आता म्हनत्यात, "जित्तेपनी धूर काढू दिला न्हाई, म्हनून मेल्यावर काढताय व्हय?"

परवा मीच खिळा ठोकून फोटो दारासमोरच्या भिंतीला लावला. सकाळचं ऊन थेट तोंडावर येतं. बल्ब काढून ठिवला.

ऐतवारी चेतन आला, बघत ऱ्हायला. "आन सांजच्याला गं?"

म्हनलं, "मी ह्येंच्यासमोर बसते तितं दिवा असतोय की. तेवढा आमा दोघांला पुरतो."