मामांच्या दोन दाढा

किन्हवलीच्या आसपास भात पिकवणारे हजारो असतील, पण भाताशी दातांनी बोलणारे माझे थोरले मामा एकटेच होते. झोडणी होऊन भात अंगणात वाळत पडले की वाडीतली माणसे मूठभर दाणे घेऊन त्यांच्या ओट्यावर यायची. मामा एक दाणा उजव्या दाढेखाली धरायचे, डोळे मिटायचे आणि कट् असा आवाज आला की गिरणीला न्यायची परवानगी द्यायचे. दाणा दबला तर भात ओले, फुटून चुरा झाला तर जास्त वाळलेले. दोन्हीकडे गिरणीत तांदूळ तुटून त्याची कणी होते. मुरबाडचे पाहुणेसुद्धा येताना पुडीत दाणे बांधून आणायचे.

ज्या दातांवर एवढा कारभार, त्यांची निगा मात्र शून्य. राखुंडीने एक बोट फिरवले की झाले. दात हलायला लागला की आठवडाभर जिभेने हलवत बसायचे आणि पडला की लहान मुलासारखा कौलांवर फेकायचे. "या वयात नवा येनार हाय का?" मामी विचारायची. "फेकायला काय जातं?" मामा म्हणायचे. दाताच्या डॉक्टरकडे चला म्हटले, तर दात उपटला की डोळे जातात, हे ठरलेले उत्तर. मी दरवर्षी दिवाळीनंतर कल्याणहून जायची, तेव्हा वहीत त्यांच्या कामांची यादी असायची: चष्म्याची काडी, रक्तदाबाच्या गोळ्या, दात. पहिली दोन कामे व्हायची. दात पुढच्या वर्षीच्या यादीत जायचे. असे सहा वर्षे चालले.

सातव्या वर्षी गेले तर मामा मफलर बांधून बसलेले, गाल सुजलेला, समोर पेजेची वाटी. ऐन हंगामात ओट्यावर चिटपाखरू नाही. मामीने मला चुलीपाशी हळूच सांगितले. दिवाळीपासून उजवी दाढ ठणकत होती. दाणा फोडवत नव्हता आणि तसे सांगवतही नव्हते. म्हणून मामा दाणा नुसता तोंडात फिरवायचे आणि येईल त्याला सांगायचे, "अजून दोन उन्हं दाखव." ओले भात गिरणीला पाठवून फजिती होण्यापेक्षा हे बरे, असे त्यांना वाटले. लोकांनी दोन उन्हे दाखवली, परत आले, परत दोन उन्हे. अख्ख्या वाडीचे भात कडकडीत वाळले आणि गिरणीतून कणीच कणी बाहेर पडली. मामांना कुणी एक शब्द बोलले नाही. फक्त यायचे थांबले.

मी यादीतली बाकीची कामे खोडली आणि दुसऱ्या दिवशी मामांना एसटीने शहापूरला नेले. डॉक्टर तिशीतली मुलगी. तिने तोंडात दिवा धरून विचारले, "आजोबा, हिरड्यांतून रक्त कधीपासून येतंय?"

"ते रोजचंच हाय."

"रोज यायला नको ते." पुढचे तीन दात काढावेच लागणार होते. मामांनी खिशातून भाताचा दाणा काढून तिच्या तळहातावर ठेवला. "बाय, काढायचे ते काढ. ही खालची दाढ आन् तिच्या वरची, दोघींना ठेव. माझं सगळं काम त्यांच्यावर हाय."

चार खेपा झाल्या. दाढा वाचल्या. दात काढून बाहेर आल्यावर मामांनी एकेक डोळा झाकून एसटीची पाटी वाचली. "दिसतंय," म्हणाले. पुढे कवळी बसली, तिच्यावरही त्यांनी दाणा फोडून पाहिला. "आवाज देते, पन आतली बातमी देत नाय." मग खऱ्या दाढांची अशी बडदास्त सुरू झाली की विचारू नका. सकाळ-रात्र मऊ ब्रश, जेवल्यावर चूळ, सहा महिन्यांनी शहापूर. ब्रश सदऱ्याच्या खिशात पेनासारखा. लग्नाच्या पंगतीतून उठणाऱ्या म्हाताऱ्यांना ते अडवायचे, "चूळ भरली का? आन् दुखायच्या आदी डॉक्टरकडे जा, माझ्यासारखं करू नको."

पुढच्या हंगामात भात वाळत पडले. मामा दोन दिवस ओट्यावर बसून राहिले. कुणी आले नाही. तिसऱ्या दिवशी शेजारची वहिनी ओच्यात दाणे घेऊन आली. वर्षभर तिच्या घरी कण्याच शिजल्या होत्या. मामांनी दाणा दाढेखाली धरला. कट्.

"आज दुपारीच उचल गो. अजून ऊन नको."

ती जागची हलली नाही. "नक्की ना, दादा? गेल्या सालासारखं नाय ना?"

मामांनी फुटलेला दाणा तळहातावर काढला. मग म्हणाले, "गेल्या साली दाढ दुखत होती. सांगायची लाज वाटली."

"अवो, दुखत होती तर सांगायचं ना," ती म्हणाली. "आमी थांबलो असतो."

त्यानंतर मामांनी आणखी पाच हंगाम दाणे फोडले. शेवटच्या वर्षी वरची दाढ हलायला लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी वाडीला सांगून टाकले. तरी लोक दाणे घेऊन आलेच. ओट्यावर मामांच्या कानाशी बसून आपापल्या दातांनी दाणा फोडायचे, आणि मामा डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचे.