आधी म्युझियम, मग घर

ज्योत्स्नाकडे पाहुणे आले की ती त्यांना आधी म्युझियम दाखवते, मग घर. घर बहारीनमध्ये, मुहर्रकच्या जुन्या गल्लीत, दोन खोल्यांचं. चार माणसं एकदम आत आली की एकाला फ्रिजला टेकून उभं राहावं लागतं. गल्लीत मात्र तेल सापडण्याआधीची, मोत्यांच्या काळातली घरं आहेत. दुरुस्त करून लोकांना बघायला ठेवलेली, गार आणि ऐसपैस. "माझा हॉलच आहे तो," ती म्हणते.

लग्न होऊन ती अकोल्याहून इथे आली तेव्हा नवरा खंडू सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये होता, अजूनही तिथेच आहे. ती सलमानियातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. मुलगा प्रज्योत बँकेत लागला आणि त्याचं अनुष्काशी जमलं. अनुष्का आईबरोबर जुफैरला एका उंच इमारतीत राहते. तिच्या आईने, भागीरथाबाईंनी, फोनवर स्पष्ट सांगितलं, "मुलगा चांगला आहे. पण घर बघितल्याशिवाय मी होकार देणार नाही. आणि चहाबिहा नको. ठरल्याशिवाय आम्ही मुलाकडचं काही घेत नाही."

शनिवारी मायलेकी टॅक्सीतून उतरल्या. ज्योत्स्ना प्रज्योतला घेऊन गल्लीच्या तोंडाशीच उभी होती.

"जयभीम ताई. आल्याच आहात तर आमचं मुहर्रक बघून घ्या आधी."

"आई, प्लीज, आज नको," प्रज्योत तिच्या कानाशी म्हणाला.

"आजच," ती म्हणाली.

पहिलं घर मोत्यांच्या व्यापाऱ्याचं. भागीरथाबाई घर बघायला म्हणूनच निघालेल्या, त्यामुळे त्यांनी तेही तसंच बघितलं. दारावर टकटक केलं, खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून धूळ पाहिली, मग तिथल्या रखवालदाराला, ओवैसला, विचारलं, "किचन किधर है?"

"बाहर आंगन में था, मॅडम."

"और पानी?"

"गधे पर आता था."

"गर्मी में एसी?"

"हवा आती थी, मॅडम," ओवैस म्हणाला. "इंशाल्ला."

अनुष्काने तोंडावर ओढणी धरली. भागीरथाबाई बाहेर पडताना म्हणाल्या, "एवढं मोठं घर, आणि बाईच्या हाताशी साधा नळ नाही." ज्योत्स्नाला हेच ऐकायचं होतं. म्युझियमनंतर कुणालाही तिचा ओटा बरा वाटतो, हा तिचा जुना अनुभव.

दुसरं घर पाणबुड्याचं. एकच खोली, चटई, कोपऱ्यात लाकडी पेटी. ज्योत्स्ना नेहमीचं सांगायला लागली, "उन्हाळाभर पुरुष मोती काढायला समुद्रावर. बायका-पोरं इथं, सासूपाशी."

भागीरथाबाई बाकावर बसल्या. पर्स मांडीवर धरून चटईकडे बघत राहिल्या.

"मी वाशिमला अशीच होते," त्या म्हणाल्या. "हे इथं, मी सासूपाशी. न्या म्हटलं की म्हणायचे, जागा लहान आहे, मोठी मिळाली की नेतो. मोठी मिळेपर्यंत ही आठवीत गेली." मग ज्योत्स्नाकडे बघून, "तुम्हाला काहून लगेच आणलं हो?"

"त्यांना स्वयंपाक येत नव्हता."

भागीरथाबाई हसल्या, पण डोळे पुसूनच उठल्या. ज्योत्स्नाला वाईट वाटलं. एवढं दाखवायचं तिच्या मनात नव्हतं. आता पुढे काही न दाखवता ती त्यांना सरळ घरी घेऊन गेली.

खंडू इस्त्रीचा शर्ट घालून फ्रिजला टेकून उभा होता. भागीरथाबाईंनी आधी भिंतीवरच्या बुद्धमूर्तीला आणि बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले. मग ओट्याशी जाऊन नळ सोडून पाहिला, बंद केला.

"दोनच खोल्या?"

"दोनच," ज्योत्स्ना म्हणाली. पदराचं टोक तिने मुठीत धरलं होतं.

"आतली यांना द्याल?"

"कालच रिकामी केली. आम्ही बाहेर झोपू."

भागीरथाबाई खुर्चीत बसल्या. प्रज्योतकडे बघून म्हणाल्या, "फ्लॅट बघत राहा. पण मोठा मिळेपर्यंत लग्न अडवू नका." मग ज्योत्स्नाकडे वळल्या. "विहीणबाई, चहा टाका. साखर कमी."

दूध फ्रिजमध्ये होतं. खंडूला बाजूला व्हायला जागा नव्हती, म्हणून तो गल्लीत जाऊन उभा राहिला.