कढाई कशाची?

आमच्या जबलपुरात मैयाला, म्हणजे नर्मदेला, नवस म्हणून कढाई बोलतात. मागणं पुरं झालं की घाटावर चूल मांडायची, शिरा करायचा, पहिला घास पाण्यात सोडायचा आणि उरलेला येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचा. पत्नीचं ओटीपोट दुखायचं थांबावं म्हणून मी ती बोललो होतो. डॉक्टरीणबाईंनी एंडोमेट्रिओसिसचा संशय सांगितला होता. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं, एवढंच मला समजलं. त्यांनी गोळ्या दिल्या, पुढची तपासणी लिहून दिली. पण मनात शंका शिरली: मैयावर भार टाकायचा आणि गोळ्याही चालू ठेवायच्या, हा विश्वास कसला? मी गोळ्या आणि तपासणी, दोन्ही थांबवायला लावलं. हिने ऐकलं.

मध्ये थोडे बरे दिवस गेले, आणि मी लगेच ग्वारीघाटावर कढाई ठरवली. नेमकी त्याच सकाळी हिची पाळी आली, अवेळी, आणि कळा अशा की भिंत धरून उभी. पुढे ढकलू या, मी म्हणालो.

"काहून? सामान बांधून झालं," ती दात आवळून म्हणाली. "मैयाला सांगा, तारीख तिनेच बदलली."

त्या दिवसांत नैवेद्याजवळ जायचं नाही, अशी घरची रीत. म्हणून ती वरच्या पायऱ्यांवर पोट धरून बसली आणि खाली मी रवा भाजायला घेतला. शेजारीच दुसरी कढाई चढलेली होती. चेरीतालच्या एक निवृत्त मास्तरीणबाई आणि त्यांची तरणी मुलगी. त्या उकाड्यात मुलीने पोटाशी गरम पाण्याची पिशवी बांधली होती. माझी नजर तिथेच अडकली. शेवटी विचारलं, मुलीला काय होतंय? बाईंनी एंडोमेट्रिओसिसच म्हटलं, आणि मी रवा ढवळायचंच विसरलो.

"तो अब ठीक हो गई?"

"नहीं भैया. दर्द है. पहले से कम है."

मला राहवेना. "फिर कढ़ाई किस बात की?"

वर्गातल्या मठ्ठ मुलाकडे पाहावं तसं त्यांनी पाहिलं. "इस बात की, कि पता तो चला! बरसों सब कहते रहे, लड़की नखरे करती है. अब डॉक्टर मिली, गोली मिली. मैया का दिया हुआ लौटा दें क्या? और आपका हलवा लग रहा है, भैया."

खरंच तळाला करपत होतं. वर कोण बसलंय, हे त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. मुलगी पिशवी सोडवून पायऱ्या चढली. दोघी शेजारी बसल्या. पायऱ्यांवरून हिचा आवाज खाली येत होता. संडासला बसतानाही कळ येते, मांडीपर्यंत उतरते, असं ती त्या अनोळखी पोरीला सांगत होती. इतकी वर्षं शेजारी झोपून मी हे कधी विचारलंच नव्हतं.

थोड्या वेळाने ती मुलीचा हात धरून खाली आली आणि चुलीपाशी बसली. माझ्या हातातला झारा काढून घेत म्हणाली, "सरका. जाळून राहिले तुम्ही."

मी सरकलो. पहिला घास तिनेच पाण्यात सोडला. पाणी वाहत होतं तसंच वाहत राहिलं.

याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. पण पाळी वेळेवर आली असती तर? त्यांची चूल चार हात पलीकडे असती तर? अजूनही हे मनात घोळवत बसतो, आणि दर वेळी हात आपसूक जोडले जातात. नंतर तपासणी झाली, निदान पक्कं झालं. आता गोळ्या आहेत, शेकायची पिशवी आहे, व्यायाम आहे. काही दिवस बरे, काही वाईट. भार मी अजूनही मैयावर टाकतो, फक्त तो तिने कसा उचलावा हे ठरवत नाही. सकाळी हिला "आज कसं आहे?" विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.

यंदा आम्ही पुन्हा कढाई चढवली. प्रसाद घेताना एकाने विचारलं, "भाभीजी ठीक हो गईं?"

"नहीं," मी म्हणालो.

"तो कढ़ाई किस बात की?"

मी तोंड उघडायच्या आत हिने झारा रोखून त्याला पायरी दाखवली. "बैठिए भैया. बताती हूँ."