एकच प्रतिसाद

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळत आलो. परवा एका शेजाऱ्याच्या दहाव्याला घाटावर गेलो होतो. सगळे गप्प उभे राहून कावळ्याची वाट बघत होते आणि एक गृहस्थ हळूच प्रत्येकाच्या हातात आपलं व्हिजिटिंग कार्ड ठेवत होते. लोक चिडले. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

निवृत्तीनंतर मी ब्लॉग लिहू लागलो. वाचायला कुणी येईना, म्हणून इंटरनेटवरच्या एका मराठी चर्चास्थळावर रोज सकाळी दिसेल त्या धाग्यावर, म्हणजे कुणाच्याही लेखाखाली, एकच प्रतिसाद डकवायचो, "छान लिहिलंय. माझ्याही ब्लॉगवर या." खाली ब्लॉगचा दुवा. दुसऱ्याचं वाचायची गरज वाटत नसे. आपलं कुणी ऐकावं म्हणून तडफडणारा माणूस किती बहिरा होतो!

एकदा तो प्रतिसाद एका बाईंच्या धाग्यावर पडला. त्यांनी आपल्या मुलीच्या शेवटच्या आठवड्याबद्दल लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, "काका, काय छान वाटलं?" खाली कुणीतरी लिहिलं, "ताई, सोडा. आजोबांनी दुकान मांडलंय."

त्या दिवशी माझ्या ब्लॉगवर कधी नव्हे इतके लोक आले, आणि लाज वाटायच्या आधी मला आनंद झाला. मग चर्चास्थळाच्या संपादकांना सांगून मी तो प्रतिसाद काढून घेतला. बाईंनी पुन्हा तिथे काही लिहिलं नाही. त्यांना निरोप पाठवायला मी अनेकदा बसलो. दरवेळी एकच ओळ लिहिली आणि पुसली : ताई, माफ करा, तुमची मुलगी गेल्याचं मी वाचलंच नव्हतं.