डेसने बोलावलं म्हणून

तैवानमधल्या चियायी गावात त्साई श्वेलिंग दातांच्या दवाखान्यात गल्ल्यावर बसायची. वयाची एकतीस वर्षं पूर्ण झाली की ऑस्ट्रेलियाचा, फिरता फिरता काम करू देणारा वर्किंग हॉलिडे व्हिसा मिळत नाही, हे तिला एकतिसावं निम्मं सरल्यावर कळलं. तिने नोकरी सोडली.

"फिरायला चाललीस की कामाला?" आईने विचारलं. आईची टर्कीभाताची गाडी होती, आणि तिचे सगळे गंभीर प्रश्न भात वाढता वाढताच यायचे.

"दोन्हीला."

"म्हणजे धड एकालाही नाही," आई म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

श्वेलिंग उतरली ती क्वीन्सलँडमधल्या बराडीन नावाच्या गावी. होस्टेलच्या खोलीत तैवानमधल्याच काओशुंगची पैवेन होती. वयाने लहान, पण दोन महिने आधी आलेली, त्यामुळे सर्वज्ञ.

"ताई, इथे लाजायचं नाही. प्रत्येक दुकानात शिरायचं, बायोडेटा द्यायचा, दात दाखवायचे."

"दात मी सात वर्षं बघितलेत. दाखवायची सवय नाही."

गावात एकच मोठा रस्ता. श्वेलिंग बेकरीत गेली. "कसं चाललंय?" बेकरीवालीने विचारलं.

"चालतच," श्वेलिंग प्रामाणिकपणे म्हणाली. "बस नाही."

बेकरीवाली बराच वेळ हसली, पण काम दिलं नाही. पबमध्ये कागद ठेवून घेतला. पेट्रोल पंपावर पंपवाल्याने तो वाचला, परत दिला आणि तिलाच विचारलं, तुझ्या ओळखीत कुठे काम आहे का, मलाही बदलायचंय. वाटेत मॅगपाय पक्ष्याने डोक्यावर झडप घातली, तेव्हा उरलेले बायोडेटे तिने टोपीसारखे धरले आणि धावत सुटली. सुपरमार्केटमध्ये एक अनवाणी माणूस चीज निवडत होता. तिला फार कळवळा आला. तिने पिशवीतल्या आपल्या जादा चपला त्याच्यापुढे केल्या. तो गावचा दंतवैद्य निघाला; इथे माणसं हौसेनेच अनवाणी हिंडत. मग तिने त्यालाही बायोडेटा दिला. त्याला माणूस नको होता. चपलाही नको होत्या.

संध्याकाळी पैवेन फोन नाचवत आली. "ताई, कॅफेत माणूस हवाय! मालक डेस. मी तुझ्या नावाने फेसबुकवर मेसेज टाकला. त्याचं उत्तर बघ: 'उद्या दहाला ये. काळे कपडे घाल.' चर्चच्या हॉलला लागून आहे म्हणे. आणि हसरा चेहरासुद्धा पाठवलाय."

दुसऱ्या दिवशी श्वेलिंग काळा शर्ट, काळी पँट घालून निघाली. चर्चपाशी एक दार सताड उघडं होतं. आत लांबलचक टेबल, सँडविचच्या राशी, चहाचं भलंमोठं भांडं. आणि आतली झाडून सगळी माणसं काळ्या कपड्यांत.

केवढा हा नोकरवर्ग, तिला वाटलं.

मोरीपाशी एक जाडगेली बाई कप विसळत होती. ग्लेनिस तिचं नाव. "डेससाठी आलीस ना, बाळ?"

"हो. डेस बोलावलं."

ग्लेनिसचे डोळे भरून आले. तिने श्वेलिंगला घट्ट मिठी मारली. श्वेलिंग गहिवरली. दवाखान्यात डॉक्टरांनी सात वर्षांत नीट 'बस' म्हटलं नव्हतं, आणि इथे कामाच्या आधीच मिठी! तिने बाह्या सारल्या. कप धुतले, चहा ओतला, ट्रे उचलून माणसामाणसापुढे फिरवला.

"फार चांगला माणूस होता," एक म्हातारा सँडविच घेत म्हणाला.

इंग्रजीतल्या 'होता' आणि 'आहे' यांच्याशी श्वेलिंगचं शाळेपासून वाकडं. तिला 'चांगला माणूस' एवढं समजलं. "हो, चांगला. लगेच उत्तर देतो."

म्हातारा तोंडातला घास तसाच ठेवून बघत राहिला.

कोपऱ्यात पांढऱ्या केसांची मॅरियन बसली होती. शेजारी तिचा दीर केव्ह. श्वेलिंगने वाकून चहा दिला.

"तू आमच्या डेसला कशी ओळखतेस गं?" मॅरियनने विचारलं.

"फेसबुक."

"फेसबुक?" केव्ह म्हणाला. "त्याला मायक्रोवेव्ह लावता येत नव्हता!"

"काल संध्याकाळी मेसेज आला. उद्या ये. काळे कपडे घाल." तिला वाटलं, आपण फार तुटक बोलतोय, म्हणून तिने गोड पुरवणी जोडली. "हसरा चेहरा पण आला."

कुणाची तरी बशी फुटली.

"डेस कुठे?" श्वेलिंग म्हणाली. "मी भेटते?"

"पोरी," केव्ह घसा साफ करत म्हणाला, "डेसला आत्ताच पुरून आलोय आम्ही."

तिला कळेना. शेवटी केव्हने छातीवर हात जोडले, डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली. मग समोरच्या टेबलावर ठेवलेल्या डेसच्या फोटोकडे बोट केलं. श्वेलिंगने फोटो पाहिला, भोवतालची फुलं पाहिली, सगळ्यांचे कपडे पाहिले, स्वतःचेही पाहिले. दातांच्या दवाखान्यातल्या पोरीची दातखीळ बसली. ट्रेसकट ती तैवानी रिवाजाप्रमाणे फोटोपुढे तीनदा वाकली, आणि तिसऱ्या वाकण्याला सगळी अंड्याची सँडविचं डेसच्या पायांशी, म्हणजे फोटोखालच्या चादरीवर, जाऊन पडली.

पहिला आवाज आला मॅरियनचा, डेसच्या बायकोचा. आधी हुंदक्यासारखा, मग खिंकाळल्यासारखा. ती हसत होती, पोट धरून. "चाळीस वर्षं कानीकपाळी ओरडले, उशीर होणार असेल तर एक मेसेज कर, मेल्या. मेला तेव्हा शिकला!"

मग सगळा हॉल हसला. हसता हसता काही जण रडले, पण ते आधीही रडतच होते.

"अगं, शेजारचा डेस! कॅफेवाला!" ग्लेनिसला उलगडा झाला. "हा नव्हे, तो!"

श्वेलिंग धावत शेजारी गेली. जिवंत डेसने घड्याळाकडे बोट दाखवलं. वाट बघून बघून त्याने एका जर्मन मुलाला कामावर घेतलं होतं. ती खाली मान घालून हॉलमध्ये परतली, कारण कप अजून उरले होते. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती उभी राहून पुन्हा विसळू लागली.

"माझी रताळ्यांची शेड आहे," मागून केव्ह म्हणाला. "सोमवारी ये. रताळी धुवायची, निवडायची. रताळी इंग्रजी बोलत नाहीत. तुमचं जमेल."

तिने आनंदाने आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे पळी आपटल्याचा आवाज आला.

"पहिल्याच आठवड्यात परक्याच्या मयतीला? अवलक्षणी! आधी पपनसाच्या पानांनी आंघोळ कर, अपशकुन धुऊन जाऊ दे!"

"इथे पपनस नाही गं, आई. लिंबाचं झाड आहे."

"आंघोळ करायचीय की मासा शिजवायचाय?" आईने एका गिऱ्हाइकाला भात वाढला. "बरं, लिंब तर लिंब. पण भरपूर घाल."

पैवेनने शेजाऱ्याला विचारून टोपलीभर पानं आणली. होस्टेलच्या मोठ्या पातेल्यात ती उकळत ठेवली, तेव्हा कॅफेत लागलेला, त्याच होस्टेलात राहणारा तो जर्मन मुलगा भांडं घेऊन आला. त्याला वाटलं, सूप आहे. श्वेलिंगने खूण करून नाही म्हटलं, पण पैवेनने त्याला एक वाटी दिलीच.

"कसं आहे?" पैवेनने विचारलं.

"मीठ कमी," तो म्हणाला, आणि त्याने सगळं संपवलं.