केतकीची पाठदुखी

मंगल, मी अमेरिकेला निघाले तेव्हा विमानतळावर बाबांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "पत्रात बरं तेवढंच लिही. तुझी आई मनाला लावून घेते." तू तेव्हा सहावीत होतीस, माझ्या नव्या सुटकेसवर बसून पेरू खात होतीस. बाबांचं मी इतकं ऐकलं की तेवीस वर्षं तुम्हाला साताऱ्यात वाटत राहिलं, ॲन आर्बरला नुसता आनंदीआनंद आहे.

तुझी भाची कॉलेज सोडून घरी का बसली, असं तू फोनवर विचारलंस तेव्हा 'पाठदुखी' म्हणून मी मोकळी झाले. इथल्या मराठी मंडळातही तेच सांगितलं. एका काकूंनी तेल दिलं, दुसरीने योगासनांची सीडी. खरं सांगू? केतकीला बायपोलर आहे. कधी तीन-तीन दिवस झोपत नाही, अखंड बडबडते; मग महिनाभर अंघोळीलाही उठत नाही.

यंदा कपडे धुवायला टाकताना तिच्या खिशात गांजाची पुडी सापडली. मी हबकलेच! गांजा म्हटलं की आपल्याला देवळामागचे गांजेकस आठवतात, आणि तो माझ्या पोरीच्या खिशात! तोंडाला येईल ते बोलले. ती एवढंच म्हणाली, "आई, इट क्वाएट्स माय हेड." त्याने डोकं शांत होतं म्हणे.

नोव्हेंबरात इथे औषधी गांजाच्या कायद्यावर मतदान झालं. सिटिझन होऊन इतकी वर्षं झाली, पण मत द्यायला मी पहिल्यांदाच गेले. 'येस'वर खूण केली.

कायदा पास झाला. डिसेंबरात आम्ही दोघी एका नव्या डॉक्टरांकडे गेलो, औषधी गांजाचं कार्ड मिळेल का विचारायला. त्यांनी त्रास काय विचारलं आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "बॅक पेन. बरीच वर्षं." जुनाट, तीव्र दुखणं कायद्यातल्या आजारांच्या यादीत आहे, ते म्हणाले, आणि लिहायला लागले.

केतकी माझ्याकडे बघतच राहिली. मग त्यांना म्हणाली, "माय बॅक इज फाइन. आय हॅव बायपोलर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मूड डिसऑर्डर यादीत नाही, म्हणाले; शिवाय या आजारात गांजाने त्रास उलट वाढूही शकतो. मंगल, माझी थाप यादीत बसत होती, माझी पोर बसत नव्हती! आणि त्या थापेच्या जोरावर मी तिचं नुकसानच घरी आणलं असतं.

गाडीत ती ढसाढसा रडली. "डॉक्टरसमोरसुद्धा लाज वाटते माझी?" तिचं मराठी एवढं स्पष्ट मी कधी ऐकलं नव्हतं.

कार्ड नाही मिळालं. गोळ्या बदलल्यात, बघू. हे पत्र आधी तिला वाचून दाखवलं. "सेंड इट," म्हणाली.

पूर्वी कुणी घर कुठलं विचारलं की मी बेधडक सातारा सांगायचे. आता वाटतं, तिच्या आजाराचं नाव जिथे मोठ्याने घेता येईल, ते आमचं घर. मे महिन्यात तिला घेऊन येतेय. दारात पाठीचं विचारू नकोस, मंगल. झोप लागते का, ते विचार.